जाळी नीट करणारे

गेल्या जूनमधील गोष्ट. समुद्रावर जाण्यास बंदी असण्याचे ते दिवस. आमच्या धर्मग्रामातील एक कोळी गृहस्थ मुलाच्या प्रवेशअर्जाला जोडण्यासाठी दाखला हवा म्हणून कार्यालयात आले. मुलाने बारावीनंतर एका तंत्रशिक्षण संस्थेत संगणकांच्या जाळ्यांची उभारणी व संगणकप्रणालींची व्यवस्था हा अभ्यासक्रम निवडला होता. दाखला लिहून होईपर्यंत गृहस्थ गप्प बसले होते. मग म्हणाले, “फादर, पोर म्हणतो, जाळ्याचं शिकणार. जाळ्याचं शिकायला कॉलेज कशाला? ते तर घरीच शिकला असता.”

आम्ही दोघेही हसलो. पण दाखला घडी करून खिशात ठेवताना त्यांनी विचारले, “खरं सांगा, ह्यात शिकण्यासारखं काही आहे, की नुसतं भिंतीवर तारा ठोकायचं काम? फी भरायची आहे, म्हणून विचारतो.”

मला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिन भाषेशी जमेल तेवढी झटापट केली; पण संगणकाच्या बाबतीत माझी मजल पत्र टंकित करण्यापलीकडे गेलेली नाही. ‘वाचून सांगतो’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. मग पावसाळाभर मिळेल ते वाचले, दोन-तीन जाणकारांना त्रास दिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे काहीसे लांबलेले उत्तर होय.

संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात गालील सरोवराच्या काठावर दोन भावांच्या जोड्या भेटतात. शिमोन आणि आंद्रिया जाळे टाकीत होते. जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान नावेत बसून जाळी नीट करीत होते. आम्ही प्रवचनकार बहुधा जाळे टाकणाऱ्यांवर बोलतो. ते दृश्य मोठे देखणे आहे. जाळी नीट करणाऱ्यांवरून आम्ही चटकन पुढे जातो. मीही तेच करीत आलो आहे.

तंत्रशिक्षण आणि यंत्राने चालणारा शब्दव्यवहार यांची सांगड जिथे मला प्रथम भेटली, ते ठिकाण अनपेक्षितपणे ओळखीचे निघाले. संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र लेखनातील शब्दांची सूची ‘इंडेक्स थोमिस्टिकस’ या नावाने सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना ऐकून तरी ठाऊक असते. ५६ जाडजूड खंड आणि सुमारे १ कोटी १० लाख लॅटिन शब्द असा तिचा पसारा आहे. ती सिद्ध करणारे फादर रोबेर्तो बुसा हे इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू. संत थॉमस यांच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या कल्पनेवर प्रबंध लिहिताना त्यांच्या असे ध्यानी आले की, ही कल्पना समजून घ्यायची तर मोठमोठ्या शब्दांपेक्षा ‘आत’ या अर्थाचा एक क्षुद्र शब्दयोगी शब्द धुंडाळला पाहिजे. तो शब्द असलेली वाक्ये त्यांनी हाताने सुमारे १० हजार कार्डांवर उतरवून काढली. मग त्यांच्या मनात आले, हे काम यंत्र का करणार नाही?

१९४९ साली ते अमेरिकेत आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. हे काम यंत्रांना शक्य नाही असा अहवाल वॉटसन यांच्या टेबलावर अगोदरच पोहोचला होता. फादरांनी बाहेरच्या खोलीत कंपनीचेच एक भित्तिपत्रक पाहिले होते. अवघड काम आम्ही लगेच करतो, अशक्य कामाला थोडा अधिक वेळ लागतो, अशा आशयाचे. तेच त्यांनी वॉटसन यांच्यापुढे ठेवले. वॉटसन हसले आणि कबूल झाले. अट एवढीच की, कंपनीच्या आद्याक्षरांतील मधले अक्षर बुसा यांच्या नावाचे होऊ नये. हा किस्सा फादर बुसा पुढे स्वतःच रंगवून सांगत.

मला मात्र या हकीकतीतला दुसराच भाग महत्त्वाचा वाटला. यंत्रे मिळाली, पण त्यांना शब्द भरवायचे कोणी? प्रत्येक शब्द कार्डावर छिद्रांच्या रूपाने उमटवावा लागे. १९५४ साली फादर बुसा यांनी मिलानजवळच्या गाल्लाराते गावी या कामाची एक प्रशिक्षणशाळा काढली. तेथे प्रामुख्याने तरुण मुली शिकत. प्रवेशाला अट अशी की, हे त्यांचे पहिलेच काम असले पाहिजे. महिनाभराच्या चाचणीनंतर पाचांतील एकीलाच प्रवेश मिळे. मग चार सत्रे, दररोज आठ तास शिक्षण. पुढे ही शाळा एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागेत भरू लागली. मुंबईच्या गिरण्यांची कहाणी जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना हा तपशील वेगळे सांगून जाईल. बहुतेकींना लॅटिनचा गंधही नव्हता. तरी त्या लॅटिन बिनचूक उमटवीत, आणि दोन आठवड्यांच्या सरावाने हिब्रू व सिरिलिक लिपीही. उमटवलेले कार्ड तसेच पुढे जात नसे. त्याच ओळी दुसऱ्यांदा यंत्रावर टंकित केल्या जात आणि पहिल्या छिद्रांशी जुळल्या नाहीत तर यंत्र थांबे. म्हणजे चूक शोधणे हाही त्या विद्येचा अर्धा भाग होता. शिक्षण पुरे होण्याआधीच कारखाने या मुलींना मागणी घालीत, असे फादरांनी लिहून ठेवले आहे. १९६७ मध्ये छिद्रणाचे काम संपले आणि शाळा बंद झाली.

फादर बुसा २०११ साली, ९७ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे नाव जगभर झाले. त्या मुलींची नावे मात्र कित्येक दशके वाचकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. ज्युलियान नायहन या संशोधिकेने अलीकडे त्यांच्यापैकी काहींना शोधून काढून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आहेत. हे आपल्या धर्मगुरूंनी आधीच करावयास हवे होते, असे मला वाटते. पाया घालणाऱ्यांची नावे विसरण्याचा दोष आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासांतही सर्रास आढळतो.

गाल्लारातेची यंत्रे एकेकटी होती. त्यांना एकमेकांशी बोलते करण्याची कथा अमेरिकेतली आहे, आणि तिचे पहिले शिलेदार विद्यार्थीच होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजलिस येथील विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने शेकडो मैल दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द धाडायला घेतला. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले, आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. पुढे इंटरनेट म्हणून विस्तारलेल्या ‘आर्पानेट’ या जाळ्यावरचा हा पहिला संदेश, आणि हाच पहिला बिघाड.

या जाळ्याचे नियम ठरवण्याचे कामही स्टीव्ह क्रॉकर आणि त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांवरच आले होते. कोणीतरी ज्येष्ठ अधिकारी येतील आणि तुम्हाला हा अधिकार दिला कोणी असे विचारतील, ही धास्ती त्यांच्या मनात होती. म्हणून एप्रिल १९६९ मध्ये लिहिलेल्या पहिल्या टिपणाला क्रॉकर यांनी नियमावली म्हटले नाही; ‘मते मागवण्यासाठी’ अशा अर्थाचे नम्र शीर्षक दिले. घरातल्या इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून ते टिपण त्यांनी रात्री स्नानगृहात बसून लिहिले होते. ते ज्येष्ठ अधिकारी कधी आलेच नाहीत. आज अशा टिपणांची संख्या नऊ हजारांवर गेली आहे, शीर्षक तेच आहे, आणि आमच्या कोळी गृहस्थांचा मुलगा वर्गात जे पाठ करतो त्याचे मूळ त्यांतच आहे.

जाळे पसरले तसे त्यावर पहारा ठेवण्याची गरज भासली. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बीबीएन या कंपनीत एक देखरेख-केंद्र उभे राहिले. तेथील मंडळी दूरध्वनी कंपनीला कळवीत की, देशाच्या दुसऱ्या टोकाकडची तुमची अमुक वाहिनी बिघडली आहे. तिकडच्या कर्मचाऱ्यांना ते खरेच वाटत नसे. स्वतःच्या दारातली तार तुटल्याची बातमी हजारो मैलांवरच्या परक्याने द्यावी! या पहारेकऱ्यांना कोणत्याही महाविद्यालयाने शिकवले नव्हते. बिघाड होई, ते शोधीत, आणि सापडलेले पुढच्याला सांगत. या विद्येची बरीचशी पाठ्यपुस्तके अशी बिघाडांतूनच लिहिली गेली आहेत. त्यातला एक बिघाड थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

जाळ्यातील वाटाड्या यंत्रे ठरावीक वेळाने आपली हालहवाल शेजाऱ्यांना कळवीत. शेजारी ती पुढच्यांना देत. बातमी जुनी की नवी हे समजावे म्हणून तिच्यावर क्रमांक असे. हे क्रमांक शून्यापासून ६३ पर्यंत चढत आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुन्हा शून्यावर येत. दोन क्रमांकांपैकी जो त्या वर्तुळात अर्ध्या फेरीच्या मर्यादेत पुढे असेल तो नवा मानावयाचा, असा नियम होता. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका यंत्राच्या स्मृतीतून बारीकशा खुणा गळू लागल्या. परिणामी शेजारच्या यंत्राच्या बातमीला ४४, ४० आणि ८ असे तीन क्रमांक पडले. आता हिशेब पाहा. ८ हून ४० पुढचा. ४० हून ४४ पुढचा. आणि ४४ पासून वर्तुळातून पुढे निघाले की २८ पावलांवर ८ येतो, म्हणून ४४ हून ८ पुढचा! प्रत्येक बातमी दुसरीहून ताजी ठरली. यंत्रे तिन्ही बातम्या अखंड एकमेकांना देत राहिली, आणि त्या गदारोळात खरे काम बुडाले. सुमारे चार तास सारे जाळे ठप्प झाले.

एखादे यंत्र बंद करून चालू करावे तर शेजारी पुन्हा तीच बातमी त्याच्या कानात ओतीत. गावातल्या अफवेचे असेच होते. एका घरी समजूत घालून यावे तोवर शेजारचे घर तिथे पोहोचलेले असते. अखेर त्या यंत्राच्या नावाने येणारी बातमी ऐकूच नये, अशी सूचना यंत्रांच्या आज्ञावलीत घालावी लागली, तेव्हा कोठे जाळे शांत झाले. एरिक रोझेन यांनी या घटनेचा अहवाल लिहिला आणि तोही ‘मते मागवण्यासाठी’ याच मालेत ७८९ व्या क्रमांकाने प्रसिद्ध केला. झाकपाक न करता आपली चूक क्रमवार सांगणारे इतके स्वच्छ लेखन मी क्वचित वाचले आहे. आमच्या संस्थांचे अहवाल लिहिणाऱ्यांनी ते डोळ्यांखालून घालावे.

१९८० चा बिघाड निष्पाप होता. आठ वर्षांनंतरचा तसा म्हणता येत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्रागणिक आपल्या प्रती काढीत पसरणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. कोणाचे काही पुसावे असा त्याचा हेतू दिसत नाही. पण हिशेब चुकला, आणि एकेका यंत्रात इतक्या प्रती माजल्या की यंत्रे गुदमरली. त्या वेळी जाळ्यात असलेल्या सुमारे ६० हजार संगणकांपैकी ६ हजार बाधित झाले, असा अंदाज त्या काळी केला गेला. घाबरलेल्या मॉरिसच्या सांगण्यावरून एका मित्राने क्षमायाचना आणि उपाय सांगणारा निनावी संदेश पाठवला. पण जाळेच तुंबले असल्याने तो वेळेवर पोहोचला नाही. मॉरिसला न्यायालयाने तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एमआयटी या ख्यातनाम संस्थेत प्राध्यापक झाला. ज्यांनी ते रोगट जाळे रात्री जागून निस्तरले, त्या प्रणाली-व्यवस्थापकांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाच्या ध्यानात आहेत. गाल्लारातेच्या मुलींसारखेच हेही.

एवढे घडूनही हे काम शिकवायचे कसे, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे मला सर्वांत भावलेले उत्तर कोलोरॅडो विद्यापीठातील एव्ही नेमेथ या प्राध्यापिकेने दिले. मूळच्या त्या गणिती. १९८० मध्ये बोल्डर येथे आल्या आणि काही वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक-सुविधा त्यांच्याकडे होती. ती चालवण्यासाठी त्यांनी पदवीचे विद्यार्थी हाताशी धरले. नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थ्याला खेळण्यातले जाळे देतात. नेमेथबाईंनी खरे दिले. ज्या यंत्रावर सगळ्या विभागाचा अभ्यास आणि पत्रव्यवहार चालतो, त्याची किल्ली विशीतल्या मुलांच्या हाती. मूल चुकले तर दुसऱ्या दिवशी प्राध्यापकच दाराशी येऊन विचारणार. जुन्या काळी लोहाराच्या भात्याजवळ किंवा सुताराच्या रंध्याजवळ जसे शिकाऊ पोर वाढे, तसेच हे.

१९८९ साली त्यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांना, गार्थ स्नायडर आणि स्कॉट सीबास यांना, बरोबर घेऊन युनिक्स प्रणालीच्या व्यवस्थेवर एक हस्तपुस्तिका लिहिली. शिष्यांची नावे गुरूच्या नावाशेजारी मुखपृष्ठावर छापली गेली, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. जाणकारांनी मला सांगितले की, या व्यवसायातल्या एका पिढीने ते पुस्तक उशाशी ठेवून काम केले. त्याची पाचवी आवृत्ती २०१७ साली निघाली. नेमेथबाई ती पाहायला नव्हत्या.

निवृत्तीनंतर त्या शिडाच्या बोटीने समुद्र हिंडत. मे २०१३ च्या अखेरीस न्यूझीलंडमधील ओपुआ बंदरातून ‘निन्या’ नावाची, १९२८ साली बांधलेली लाकडी बोट ऑस्ट्रेलियाकडे निघाली. तीवर सात माणसे होती, त्यांत नेमेथबाई. ३ आणि ४ जूनला टास्मान समुद्रात प्रचंड वादळ झाले. वादळ टाळण्यासाठी कोठे वळावे, हे विचारायला त्यांनी उपग्रह-दूरध्वनीवरून न्यूझीलंडच्या हवामानतज्ज्ञाशी संपर्क साधला होता. त्यानंतर बोटीचा मागमूस लागला नाही. मोठा शोध झाला, काही सापडले नाही. काही आठवड्यांनी उपग्रह कंपनीच्या नोंदीत ४ जूनचा एक छोटा संदेश आढळला. वादळी शिडेसुद्धा रात्री फाटून गेली आहेत, पण बोट सावकाश पुढे जात आहे, पुढचा मार्ग संध्याकाळी सहाला कळवू, अशा आशयाचा. तो कोणालाच पोहोचला नव्हता. संदेश पोहोचते ठेवण्याची विद्या जिने जन्मभर शिकवली, तिच्या बोटीवरून निघालेला अखेरचा संदेश वाटेतच राहिला. कोळीवाड्याजवळ राहून मी समुद्रावरून न परतलेल्यांसाठी मिस्सा अर्पण केल्या आहेत. नेमेथबाईंच्या नावानेही मी एके सकाळी प्रार्थना केली.

ही विद्या शाळेच्या वर्गात पोहोचली ती एका अडचणीपोटी. १९९३ च्या सुमारास सिस्को कंपनीतील जॉर्ज वॉर्ड हे अभियंते शाळांसाठी स्वस्तात जाळी उभारून देत होते. जाळी उभी राहत आणि थोड्याच दिवसांत आजारी पडत. नीट करणारा कोणी शाळेत नसे, आणि बाहेरून माणूस बोलावणे परवडत नसे. वॉर्ड यांनी शिक्षकांना शिकवले, मग विद्यार्थ्यांनाच. त्यातून १९९७ साली अमेरिकेच्या सात राज्यांतील ६४ शिक्षणसंस्थांत रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. कंपनीचा त्यात स्वार्थ होता हे उघड आहे. ज्या कंपनीच्या यंत्रावर हात बसला, तिचीच यंत्रे मुलगा पुढे मागवणार. तरी साध्या घरांतल्या मुलांना या व्यवसायाचे दार उघडले तेही अशा वर्गांनीच.

आपल्याकडे ही कथा वसईहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ घडली. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘एर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे हाती घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, स्वतः तो विभाग आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अशा आठ संस्था होत्या. जुहू आणि पवई यांच्यामधला संगणकीय पत्रव्यवहार साध्या दूरध्वनीच्या तारांवरून सुरू झाला. ज्यांनी त्या काळी मुंबईत दूरध्वनीवर ‘हॅलो हॅलो’ करीत घसा बसवून घेतला आहे, त्यांनाच त्या माणसांच्या चिकाटीची कल्पना येईल. जुहूच्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ साली इंटरनेटच्या आंतरराष्ट्रीय सन्मानमालिकेत समावेश झाला. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमाकडून, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

त्यानंतर गल्लोगल्ली वर्ग निघाले. त्यांतले काही चांगले होते. माझ्या भाच्याने ज्या वर्गात पैसे भरले तेथे मात्र जाळ्याला हात लावण्याचा प्रसंगच येत नसे. परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांची चोपडी हाती देऊन घोकून घेत. प्रमाणपत्र देखणे मिळाले. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी यंत्र अडले आणि प्रमाणपत्राला बोलता येईना. भाचा दुकानात बसून दोन वर्षे फुकटात शिकला, तेव्हा कामाचा झाला. याच व्यवसायात एके काळी दोन दिवसांची एक परीक्षा होती. तीत उमेदवाराने उभारलेल्या जाळ्यात परीक्षक मुद्दाम बिघाड घालीत आणि तो शोधायला लावीत. घोकंपट्टीला तेथे काय वाव?

म्हणून सप्टेंबरात तो कोळ्याचा मुलगा भेटला तेव्हा मी त्याला विचारले, हाताने काय करता? त्याने तारेच्या टोकाला बसवायचा पारदर्शक खडा खिशातून काढला आणि आठ तारांचा क्रम बोटांवर म्हणून दाखवला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा इतक्या अस्खलित ऐकल्याचे मला स्मरत नाही. तारा दोन-दोन पिळून का ठेवतात, हेही त्याला ठाऊक होते. बाहेरचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ सालची. मुलाला बेल ठाऊक नव्हते. तेवढे मी सांगितले आणि माझ्या वाचनाचे सार्थक झाले.

मग तो म्हणाला, “फादर, आम्हाला सरांनी रूटचा पासवर्ड दिला.” रूट म्हणजे मूळ. प्रणालीतील सर्वाधिकारी खात्याचे ते नाव. ज्याच्याकडे ते आहे तो कोणाचेही पत्र उघडू शकतो, कोणाचीही नोंद पुसू शकतो आणि आपण ती पुसली याची नोंदही पुसू शकतो. मला एकाएकी त्या मुलाविषयी धास्ती वाटली.

१९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला अनुदान संपल्यामुळे संगणक सांभाळायला बसवले होते. हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. म्हणजे त्या वेळच्या आपल्या दहा रुपयांच्या आत. ती त्याने सोडून दिली नाही. माग काढता काढता जर्मनीतील हॅनोव्हर येथून लष्करी संगणकांत शिरणारा हेर सापडला. या गोष्टीचे सर्व जण कौतुक करतात. परंतु चोरावर नजर ठेवण्यासाठी स्टोलने सर्व येणाऱ्या वाहिन्यांना छपाईयंत्रे जोडली, तेव्हा शनिवार-रविवारी काम करणाऱ्या सरळमार्गी लोकांचे लिखाणही त्या कागदांवर उतरलेच असणार. ते त्याला दिसले. त्याने त्याचे काही केले नाही, यावर सारे अवलंबून होते.

प्रणाली-व्यवस्थापकांनी १९९२ साली अमेरिकेत आपली व्यावसायिक संघटना स्थापन केली आणि पुढे एक आचारसंहिताही लिहिली. कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेव्हाच खाजगी मजकुराला हात लावावा आणि जे कळेल ते गुप्त राखावे, असे तीत आहे. ते वाचताना मला आमच्या धर्मनियमसंग्रहातील ९८३ आणि ९८४ या कलमांची आठवण झाली. पापनिवेदनाची मोहर धर्मगुरूला बांधते हे सर्वांना ठाऊक असते. त्याच कलमात पुढे दुभाष्याचाही उल्लेख आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. निवेदक आणि धर्मगुरू यांची भाषा एक नसेल तर मध्ये बसणाऱ्यालाही मौनाचे बंधन आहे. आणि ९८४ वे कलम सांगते की, जे तेथे ऐकले त्याचा कारभार चालवतानासुद्धा उपयोग करायचा नाही. तुलना फार ताणू नये. व्यवस्थापकाचे मौन न्यायालयाच्या आदेशापुढे टिकत नाही, टिकूही नये. आमचे टिकले पाहिजे. पण दोन माणसांच्या बोलण्यात आपण केवळ वाट म्हणून बसलो आहोत, हे ओळखणे दोघांनाही सारखेच अवघड आहे. सेमिनरीत आम्हाला ते पुस्तकाने शिकवले नाही. एक वृद्ध धर्मगुरू होते. गावातले त्यांना सगळे ठाऊक असे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसे. त्यांच्याजवळ राहून जे शिकलो तेवढेच शिकलो.

व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले, तेव्हा ते चालवणाऱ्यांत ज्युडिथ झोबेलाइन या अमेरिकन फ्रान्सिस्कन धर्मभगिनी प्रमुख होत्या. तेथील तीन संगणकांना त्यांनी राफाएल, मिखाएल आणि गाब्रिएल या महादूतांची नावे दिली. तटावरचा पहारा अर्थातच मिखाएलकडे होता. हे मी मुलाला सांगितले. त्याला फार आवडले. वर्गातल्या यंत्रांना सरांनी एक, दोन, तीन असे क्रमांक दिले आहेत म्हणाला.

ऑक्टोबरात त्याचे वडील मिस्सेनंतर थांबले. बोट दुरुस्तीला लागली होती, म्हणून वेळ होता. मी त्यांना वरच्यातले बरेचसे सांगितले. ४४, ४० आणि ८ यांचा घोळ त्यांना माझ्याहून लवकर समजला, कारण कोळीवाड्यातल्या अफवांचा अनुभव त्यांना माझ्याहून दांडगा आहे. नेमेथबाईंची गोष्ट ऐकून त्यांनी टोपी काढली. शेवटी मी रूटविषयी सांगितले.

“म्हणजे फादर, सगळ्यांची पत्रं ह्याच्या हाती?”

“हो.”

“आणि ह्यानं वाचायची नाहीत.”

“नाहीत.”

ते काही वेळ समुद्राकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “फी मी भरली आहेच. पण हे शेवटचं कॉलेजात शिकवतील असं वाटत नाही. रविवारी त्याला तुमच्याकडं पाठवतो.”